रडणाऱ्याला लगेच पाणी देऊ नये

आमच्या ह्यांना कोणी रडलेलं चालत नाही. म्हणजे ओरडत-बिरडत नाहीत हो, उलटंच. समोरच्याचे डोळे नुसते भरून आले की ह्यांचा हात पाण्याकडे गेलाच म्हणून समजा. आमच्या लग्नात मी आईच्या गळ्यात पडून जरा मोकळी होणार, तोच नवरदेव हातात ग्लास घेऊन हजर. सगळे पाहुणे म्हणाले, किती काळजी घेणारा मुलगा मिळाला हो! मीही तेव्हा तसंच म्हटलं होतं. नवी नवरी दुसरं काय म्हणणार?

आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. माझ्या बाबांनी काढलेली. घराच्या पुढच्या बाजूला एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, दारासमोर शिकवायच्या दोन गाड्या, आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली बाबांची सगळ्यात पहिली गाडी. त्याच गाडीवर मी शिकले. बाबा गेले तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही, कारण मी लावू देत नाही.

शिकवायला आम्ही दोघंच. माझी पद्धत म्हणजे आरडाओरडा. मुलं माझ्यामागे मला 'हॉर्न' म्हणतात, मला चांगलं ठाऊक आहे, म्हणू देत. पण माझ्या हाताखालून गेलेला माणूस झोपेत कूस बदलायच्या आधीसुद्धा आरसा बघेल. ह्यांचं सगळं सौम्य. ह्यांना सगळे 'सर' म्हणतात आणि झाडून सगळी घाबरट माणसं ह्यांच्याच गाडीत बसायला बघतात. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. माझा पाय त्यावर क्वचित जातो, माझं तोंडच पुरतं. ह्यांचा पाय मात्र कायम त्यावर टेकलेला. पुढे लांब कुठे मांजर दिसलं तरी ह्यांचा ब्रेक दाबून झालेला असतो.

आता गाडीत काय होतं सांगते. दोघंही समोर बघत असतात, तोंडाकडे कोणी बघत नाही, त्यामुळे माणसं बोलायला लागतात. सासूबद्दल बोलतात, साहेबाबद्दल बोलतात, न झालेल्या लग्नाबद्दल बोलतात. माझ्या गाडीत हिंमत नाही कोणाची, पण ह्यांच्याकडे बोलतात. अशाच एक शाळेतल्या बाई ह्यांच्याकडे शिकायला होत्या. नवरा गेलेला, त्याची गाडी दारात उभी, आणि स्टिअरिंग धरलं की ह्यांचे हात थरथरायचे. म्हणजे त्या बाईंचे. ह्यांनी महिनोन् महिने धीर धरून त्यांना शिकवलं आणि त्या परीक्षा पास झाल्या. पेढे-बिढे नाहीत, पण एक कुंडी घेऊन आभार मानायला आल्या, आणि जाता जाता हसत म्हणाल्या, "सर, गाडी तुम्ही छान शिकवलीत. पण हात का थरथरतात ते सांगायला लागले की तुम्ही लगेच गिअर बदलायला लावायचात. ते सांगायला मला शेवटी दुसरीकडे जावं लागलं, समुपदेशकाकडे."

बाई सहज बोलून गेल्या. पण ह्यांच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. कुंडीला पाणी घालताना रोज विचारायचे, "तिथं त्यांनी असं काय केलं असेल गं, जे मी नाही केलं?" मला काय माहीत! मी म्हटलं, पैसे घेतले असतील.

आणि मग एक दिवस जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "मी एम.ए. करतोय. समुपदेशनात. फॉर्म भरलाय."

घास माझ्या हातातच राहिला. "साठी बुद्धी नाठी असं ऐकलं होतं," मी म्हटलं, "तुमची पन्नाशीतच गेली का?"

"दोन वर्षांचा तर कोर्स आहे."

"आणि तुमच्या बॅचेस?"

हे फक्त माझ्याकडे बघून हसले. तीस वर्षं मी त्या हसण्याला फसत आले आहे. झालं, दुपारच्या सगळ्या बॅचेस माझ्या गळ्यात पडल्या. घाबरट माणसं माझ्या गाडीत आली. त्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पहिलं वर्ष तसं बरं गेलं. हे वर्गात सगळ्यांचे 'काका' झाले. माणूस लहानपणापासून कसा घडतो, मनाचे आजार कोणते, कोणत्या पंडितानं काय म्हटलंय, हे सगळं ह्यांना आवडायचं. सांख्यिकीनं मात्र घाम फोडला. आयुष्यभर माणसाला डावं-उजवं शिकवलेला गृहस्थ, त्याच्यापुढे आकड्यांचे डोंगर! शेवटी वर्गातली एक बॉबकटवाली मुलगी मदतीला धावून आली. ती आमच्या ऑफिसात बसून ह्यांना सांख्यिकी शिकवायची आणि बदल्यात मी तिला रिव्हर्स पार्किंग शिकवायचं, असा सौदा ठरला. दोघांपैकी कोण जास्त रडकुंडीला आलं ते सांगणं कठीण. दोघंही पास झाली एवढं खरं.

पण त्याच वर्षी ह्यांना ऐकण्याचा पेपर होता. होय, ऐकण्याचा! समोरच्यानं जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला कळतं की आपल्याकडे लक्ष आहे. वर्गात ठीक आहे. एक दिवस मी फोनवर बोलत राहिले आणि भाजी करपली. मी कढई आपटली तर हे दारात उभे राहून अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "भाजी करपल्यामुळे तुम्हाला निराश वाटतंय, असं मला जाणवतंय."

तुम्हाला! एवढ्या संसारात हा माणूस मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाला, आणि तेही करपलेल्या भाजीसाठी.

"मला निराश वाटत नाहीये," मी म्हटलं, "मला तुमच्या डोक्यात ही कढई घालावीशी वाटतेय."

"म्हणजे रागही आहे," हे म्हणाले.

पुढे नीतिनियमांचा पेपर आला तेव्हा कुठे माझी सुटका झाली. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की घरच्या माणसांचं, ओळखीच्यांचं समुपदेशन करायचं नाही. ह्यांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी विचारलं, "मग ते 'निराश वाटतंय' काय होतं?" म्हणे, तो सराव होता. म्हटलं, "माझ्यावर सराव करायला मी काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे?" त्यानंतर घरात शांतता नांदली.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी होती. दुसऱ्या वर्षी खरी माणसं येतात. कॉलेजच्या मागच्या बाजूला त्यांचं समुपदेशन केंद्र आहे. ह्यांना सोडायला गेले होते तेव्हा डोकावून बघून आले. छोटीशी खोली, अगदी समोरासमोर नाहीत अशा जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, समुपदेशकाला दिसेल असं भिंतीवर घड्याळ, आणि मधे लहान टेबलावर टिश्यूचा डबा, पाण्याचा जग आणि ग्लास. तो जग बघूनच खरं तर मी ओळखायला हवं होतं.

तिथं येणाऱ्या माणसाची सही घेऊन प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग करतात. मग विद्यार्थ्यानं ते हेडफोन लावून ऐकायचं आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. कोणी काही बोललं नसेल तर तिथं 'शांतता' असं लिहायचं. मग ते घेऊन मॅडमपुढे बसायचं. मॅडम म्हणजे ह्यांच्या सुपरवायझर, आमच्या लेकीपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या टेप मधेच थांबवतात आणि विचारतात, "इथं तुम्ही का बोललात?" बस्स, एवढंच विचारतात. हे म्हणायचे, त्यापेक्षा आरटीओचा साहेब परवडला.

टेपमध्ये काय आहे ते अर्थातच मला सांगायचं नाही. हे दार लावून लिहीत बसायचे आणि मी बाहेर येरझारा घालायचे. कोणाचं काय चाललंय, कोण का रडतंय, माझा नुसता जीव वर-खाली व्हायचा. चहा घेऊन गेले की हे आधी कागद पालथे घालायचे आणि मग कप घ्यायचे. जणू मी गावभर दवंडी पिटणार होते! म्हणजे पिटलीही असती, पण विश्वास म्हणून काही असतो की नाही?

सत्राच्या शेवटी एका दुपारी हे घरी आले आणि गाडीतून उतरलेच नाहीत. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. मी बराच वेळ खिडकीतून बघितलं, मग बाहेर गेले. "आत यायचंय की आता गाडीचं समुपदेशन?"

"प्रॅक्टिकलला नापास झालो," हे म्हणाले.

मी दुसऱ्या बाजूनं जाऊन शेजारी बसले. मग ह्यांनीच सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुम्ही फार मायाळू आहात, लोकांना तुम्ही आवडता. पण माणूस रडायला लागला की तुम्ही त्याला थांबवता. तुमच्या प्रत्येक टेपमध्ये हे आहे. जगमधून पाणी ओतल्याचा आवाज येतो, टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाज येतो, समोरचा माणूस थँक्यू म्हणतो आणि मग दुसऱ्याच विषयावर बोलायला लागतो." आणखी एक सत्र मिळणार होतं. त्यातही हेच झालं तर पदवी नाही, लेखी पेपरात कितीही मार्क असोत. सगळ्या ओळखीपाळखीत सांगून झालेलं, ऑफिसच्या भिंतीवर पदवी लावायला खिळा ठोकून झालेला, आणि हा निरोप.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "येते मी तुमच्या मॅडमकडे. माणसाला पाणी देणं गुन्हा कधीपासून झाला ते विचारते. तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही म्हणे!"

"तहान लागलेली नव्हती त्यांना," हे हळूच म्हणाले.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीला फोनवर सांगितलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, जीभ माझ्यावर गेलीये. आधी हळहळली आणि मग म्हणाली, "आई, मी गणितात आपटले होते तेव्हा आठवतंय? मी रडायला तोंड उघडलं आणि बाबांनी त्यात ग्लासच ओतला." हे फोनच्या स्पीकरवर ऐकत होते. हसले, पण उसनं.

मग ह्यांनी जिद्द धरली. सरावाला बॉबकटवाली यायची. ती खोटं खोटं रडायची आणि हे नुसतं बसायचं शिकायचे. एका रविवारी दुपारी तिला काही जमलं नाही, म्हणून हे माझ्याकडे आले. "खरं काही सांगायचं नाही हं, नियम आहे. मी देतो तो प्रसंग घ्यायचा. समज, तुझं मांजर हरवलंय."

"मला मांजरं आवडत नाहीत."

"अगं, समज!"

आम्ही ऑफिसात बसलो. खुर्च्या तिरक्या, मधे टेबल, टेबलावर जग. शाळेत असताना मी नाटकात बक्षीस मिळवलेलं आहे, ते असं वाया थोडंच जाणार? मी त्या मांजराचं नाव घेतलं, त्याच्या वाटीची आठवण काढली, पदर डोळ्यांना लावला, हुंदका दिला. आणि पदराआडून बघते तर काय, ह्यांचा हात निघाला टेबलावरून जगाकडे! थांबला. मागे गेला. परत निघाला. मला हसू आवरेना. आणि हसता हसता एकदम काय झालं कोणास ठाऊक, माझा आवाजच चढला.

"बाबा गेले तेव्हाही तुम्ही हेच केलंत!"

ह्यांचा हात तिथंच राहिला. मला स्वतःलाही माहीत नव्हतं की मी हे बोलणार आहे. पण एकदा तोंड उघडलं की मला ब्रेक नाही, सगळ्यांना माहीत आहे.

"मी त्यांच्या उशाशी बसले होते. रडू आता येतंय, आता येतंय, अगदी घशाशी आलं होतं आणि तुम्ही ग्लास पुढे केलात. प्यायले. परत घशाशी आलं, परत ग्लास! हंडाभर पाणी पाजलंत मला त्या दिवशी. पोट टम्म फुगलं, पण रडू काही आलं नाही. आजतागायत आलेलं नाही."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," हे म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटत होतं ते. मला नाही."

ह्यांनी टेबलावरचा हात मागे घेतला. बाहेर कोणी तरी गाडी मागे घेत होतं, तिची पीपी ऐकू येत होती. मग ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी एवढ्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. ह्यांच्या लहानपणी ह्यांची आई ओट्याकडे तोंड करून रडायची. का ते कोणी सांगत नसे. हे तेव्हा ओट्याएवढेही नव्हते. एकदा ह्यांनी तिला पेल्यातून पाणी नेऊन दिलं, तर ती ते प्यायली, डोळे पुसून हसली. "मग मी रोज न्यायला लागलो," हे म्हणाले. "घरात ते माझं काम होतं."

सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. गरीब बाई, मला कधी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. मला ह्यांची एवढी दया आली की ह्यांना काही तरी आणून द्यावं असं वाटलं, आणि आणायला हाताशी होतं काय, तर पाणी. मी आपली हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ह्यांनी जग उचलला आणि आत नेऊन ठेवला.

एवढं सगळं बोलून झाल्यावर खरं तर मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. रडू म्हणजे काय नळ आहे, तोटी फिरवली की यायला?

त्यानंतरच्या सत्रात हे बदलले, पण एका दिवसात काही नाही. आधी मांडीखाली हात घेऊन बसायला लागले. मॅडमपुढेही तसेच बसले, तेव्हा त्यांनी विचारलं, "थंडी वाजतेय का?" मग ते सोडलं. मग एका सरावात बॉबकटवाली रडता रडता थांबून ओरडली, "काका, तुमचा पाय!" बघतात तर उजवा पाय जमिनीत रुतवलेला, टाच वर, बोटं दाबलेली. समोरची खोटं रडली तरी ह्यांनी खोलीला ब्रेक मारलेला! ती सवय मॅडमना बिचाऱ्यांना टेपवर कशी ऐकू येणार? तेव्हापासून हे पायावर लक्ष ठेवायला लागले. पाय दाबला गेला की समजायचं, घाबरलोय तो मी, समोरचा नाही. मग पाय हळूच मागे घ्यायचा. आणि पाण्याच्या जगाचंही एक काम ह्यांनी आपल्या मनानं केलं. आजवर तो ह्यांच्या हाताशी असायचा. आता भेट सुरू व्हायच्या आधीच तो भरून समोरच्या खुर्चीच्या बाजूला ठेवायला लागले. ज्याला हवं असेल तो आपल्या हातानं घेईल.

घरीसुद्धा फरक पडला. जेवताना मी काही म्हटलं की पूर्वी ह्यांचं उत्तर तयार असायचं. गुडघा दुखतो म्हटलं की तेल, लेकीचा फोन आला नाही म्हटलं की 'कामात असेल'. आता हे जरा थांबायचे. मला ते थांबणं सुरुवातीला सहनच होत नसे. माझ्या गाडीत एवढा वेळ शांतता झाली तर इंजिन बंद पडलंय म्हणून समजावं. मी त्या जागेत घाईघाईनं आणखी काही तरी बोलून टाकायचे आणि बोलता बोलता भलतंच खरं बाहेर पडायचं. एकदा गुडघ्यापासून निघाले आणि 'लेकीशिवाय घर खायला उठतं' इथपर्यंत जाऊन पोचले. मनात म्हटलं, हा माणूस आता धोकादायक झालाय.

निकालाच्या दिवशी मी एकही बॅच घेतली नाही. म्हणजे एक घेतली, पण त्या मुलावर इतकी ओरडले की तो बिचारा अर्ध्यातच उतरला. दुपारी ह्यांची गाडी वळणावर दिसली. नीट लावली, आरसे मिटले, काचा वर केल्या, सगळं शिस्तीत. माझा जीव टांगणीला आणि ह्यांचं हे!

"काय झालं?"

"सांगता येत नाही गं, टेपमधलं."

"टेप गेला चुलीत! निकाल सांगा!"

"पास," हे म्हणाले.

मी पायरीवरच बसले. हे शेजारी बसले. म्हणाले, "मॅडमनी टेप ऐकला. मधे बराच वेळ त्यात काहीच आवाज नाहीये. मला वाटलं, आता थांबवतील आणि विचारतील. नाही थांबवला. पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून नवीन माणूस घ्या."

"एवढंच? शाबास नाही, काही नाही?"

"त्यांच्याकडे ह्यालाच शाबास म्हणतात."

मी उठले, गाडीत हात घातला आणि हॉर्न दाबून धरला. शेजारचा चष्मेवाला दुकानातून धावत बाहेर आला, काय झालं म्हणून. मी ओरडून सांगितलं, "सर पास झाले!" त्यानं टाळ्या वाजवल्या. हे लाजून आत पळाले.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण मागच्या अंगणातली गाडी राहिली आहे ना.

इतकी जुनी गाडी आता ठेवता येणार नाही, ती मोडीत काढावी लागेल, असं वाहन खात्याचं म्हणणं होतं. पत्रावर पत्रं येत होती आणि मी ती तक्त्यामागे खोचत होते. पूर्वीचे हे असते तर त्यांनी मला न दुखवता सगळं परस्पर निस्तरलं असतं. ह्या वेळी ह्यांनी फक्त एकदा विचारलं, "काय करायचं गं तिचं?" आणि गप्प बसले. आठवडाभर गप्प बसले. शेवटी मीच भंगारवाल्याला फोन केला. तो सोमवारी येतो म्हणाला. रविवारी सकाळी मी म्हटलं, "एकदा चालवते."

दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून तिला लावली, चाकांत हवा भरली, ताजं पेट्रोल घातलं. ताडपत्री काढल्यावर धुळीचा लोट उठला, हे चार वेळा शिंकले. तिला रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, म्हणून मागच्या मैदानात, जिथं आम्ही नवख्यांना फेऱ्या मारायला लावतो, तिथं आणली. हे शेजारच्या सीटवर बसले. ती बाबांची सीट. तिथल्या ब्रेकचं रबर अजून बाबांच्या बुटानं झिजलेलं आहे. बाबा ओरडायचे नाहीत, मी कोणावर गेले देव जाणे. गिअर बदलायची वेळ झाली की ते डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक करायचे, बस्स.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. मी ह्यांना म्हणत होते, बघा, अजून कशी मस्त पळतेय, आजकालच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. मग कोपऱ्यावरचं वळण आलं. तिथं बाबा हटकून टकटक करायचे. माझा हात आपोआप गिअरवर गेला आणि मी वाट बघत राहिले. टकटक झालीच नाही. गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. इतक्या वर्षांत माझ्या हातून गाडी कधी बंद पडलेली नाही.

आणि मग आलं. कसं आलं ते सांगता येत नाही. लहान मुलासारखी भोकाड पसरून रडले मी, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, नाक गळतंय, पदराचं भान नाही. बाबा, बाबा म्हणत होते. किती वेळ ते मला माहीत नाही. मधे एकदा मान वळली तेव्हा ह्यांचे पाय दिसले. दोन्ही पाय ब्रेकपासून लांब, पार सीटखाली घेतलेले. हात गुडघ्यांवर. ह्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा हे हात उचलत नव्हते. माझ्याकडे बघत होते फक्त. मला त्या माणसाबद्दल इतकं वाटलं म्हणून सांगू, की मी आणखी रडून घेतलं.

शेवटी हुंदके येऊन येऊन दमले. घसा पार कोरडा पडला होता.

"अहो, बघत काय बसलात?" मी खेकसले. "पाणी तरी द्या!"

"तुझ्या दाराच्या कप्प्यात आहे," हे म्हणाले.

मी खाली बघितलं. बाटली होती. काठोकाठ भरलेली, झाकण आधीच सैल करून ठेवलेलं. घरून निघायच्या आधीच ह्यांनी ती माझ्या बाजूला ठेवली होती आणि एवढ्या वेळात तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

मी घटाघटा प्यायले. गार होतं. अर्धी बाटली उरली, ती ह्यांच्यापुढे धरली. "घ्या. तुम्हाला जास्त गरज दिसतेय."

ह्यांनी घेतली आणि प्यायले. मी पदरानं तोंड पुसलं, गाडी सुरू केली आणि आणखी एक फेरी मारली.